मशीनचं कपाळ

देवळीच्या बसस्टँडवरून बाजाराकडे वळलं, की डाव्या हाताला टिनाचं एक दुकान लागायचं. पाटीवर ‘सर्व प्रकारचे पंप, इंजिन व मशीन दुरुस्ती’ असं लिहिलेलं असलं तरी गावानं मालकाचं नाव ठेवलं होतं ‘गळतीवाले बंडूजी’. फवारणीचा पंप पाठीवर ठिबकत असो, नाहीतर डिझेल इंजिनाखाली डबकं साचत असो, लोक म्हणत, “बंडूजीकडं नेऊन टाक. त्याईले गळतीची नस सापडते.”

ही नस सापडवायची बंडूजींची पद्धत ठरलेली होती. दुकानात आलेल्या मशीनला आधी अंघोळ. घासलेटच्या घमेल्यात बसवून, ब्रशनं कानाकोपरा घासून, फडक्यानं पुसून. “अंगावरचा मळ गेल्याबिगर दुखणं दिसत नाई,” असं ते म्हणत. मग मशीन पेपरवर बसवायची आणि दुसऱ्या दिवशी पेपरवरचा डाग वाचायचा. डाग गोल असला तर बुचातून गळतं, लांबट असला तर नळीतून, आणि नकाशासारखा पसरला तर पंपाचं सील गेलं. जोशीबुवा पत्रिका बघतात तितक्या गंभीरपणे बंडूजी तो पेपर उजेडाला धरून बघत.

या शास्त्राचा त्रास एकट्या प्रमिलाबाईंना, म्हणजे त्यांच्या बायकोला. बाईंना शब्दकोडं सोडवायचा नाद. कोडं अर्धं व्हायचं, दुपारचा स्वयंपाक निघायचा, आणि हात पुसून येतात तो पेपर कुणाच्या तरी इंजिनाखाली गेलेला. “आडव्या शब्दाईवर तेल सांडलं, आता उभे काय कपाळ लावू?” असं त्या विचारत. बंडूजी म्हणत, “कालचा लावजो.”

त्यांना मुलगी एकच, रक्षा. ती लहान असताना शाळेत जाण्याआधी दुकानात यायची आणि दुरुस्तीला आलेल्या प्रत्येक मशीनला कुंकू लावायची. बंडूजींनीच शिकवलं होतं, “मशीन बी पाहुणीच हाय, बाई. घरी आलेल्या पाहुणीले आधी कुंकू, मंग बाकीचं.” पुढे रक्षाचं लग्न होऊन ती आर्वीला गेली. दुकानात नुसती उदबत्ती उरली. कुंकवाचा करंडा खिडकीत होता तिथंच राहिला.

आर्वीचे व्याही अण्णाजी. तिकडे व्याह्याला ‘इवाई’ म्हणतात आणि विहिणीला ‘इहीन’. अण्णाजींचा धंदा झाडं काढायचा. वाळलेल्या संत्र्याच्या बागा साफ करायच्या, बांधावरच्या बाभळी पाडायच्या, वादळात रस्त्यावर आडवा झालेला कडुनिंब हटवायचा. इतकी वर्षं हे काम कुऱ्हाडीवर आणि माणसांवर चालायचं. रक्षाच्या लग्नाच्या दुसऱ्या वर्षी, म्हणजे अठ्ठ्याण्णव साली, त्यांनी चेनसॉ, म्हणजे इंजिनवर चालणारी करवत, घ्यायचं ठरवलं. नवी परवडणारी नव्हती. मग दोघे इवाई नागपूरच्या जुन्या बाजारात गेले. बंडूजींनी एकेका मशीनची दोरी ओढून आवाज ऐकला आणि शेवटी एकीवर हात ठेवला.

“घ्या, इवाईबुवा. म्हातारी हाय, पण गुणाची हाय. माह्या शब्दावर घ्या.”

याच शब्दानं पुढे घात केला.

चेनसॉच्या पोटात दोन टाक्या असतात. एकीत पेट्रोल, ते इंजिनासाठी. दुसरीत तेल, ते लांब पात्यावरून फिरणाऱ्या साखळीसाठी, म्हणजे घासून घासून ती तापू नये. साखळी फिरेल तेव्हा हे तेल थोडं थोडं यायचं आणि मशीन थांबली की थांबायचं, असा नियम. म्हातारीनं नेमकं उलटं धरलं. खोडाला लावली की साखळी कोरडी पडून धूर निघायचा, आणि काम आटोपून ओसरीत ठेवली की पात्याखालून तेलाची धार.

“काही काही माणसाईचं असंच राह्यते,” भागीरथाबाई, म्हणजे रक्षाच्या सासूबाई, म्हणाल्या. “कामाच्या वक्ती कोरडे, अन् बसल्या जागी सांडलवंड.” हे बोलताना त्यांनी अण्णाजींकडे मुळीच पाहिलं नाही. त्यामुळे ते कुणाबद्दल आहे हे सगळ्यांना कळलं.

भागीरथाबाईंचं दुःख खरं होतं. ओसरीत त्यांनी नुकतीच फरशी बसवून घेतली होती. त्या फरशीवर आता काळ्या तेलाचा एक डाग होता, आणि सोडा, चिंच, राख, सगळं घासून झालं तरी तो हसून बघत होता.

अण्णाजींनी एसटीडी बूथवरून देवळीला फोन लावला. “इवाईबुवा, तुमची मशीन गळून राह्यली!”

मशीन बरी चालली की ‘आमची’, आणि गळली की ‘तुमची’.

बंडूजी गेले, मशीन पोत्यात गुंडाळून एसटीनं देवळीला आणली, तिला अंघोळ घातली, बुचाचा वायसर बदलला आणि पेपरवर बसवली. थेंब नाही. आठवडाभर ठेवली, तरी थेंब नाही. प्रमिलाबाईंनी तिच्या खालचा पेपर काढून त्यातलं कोडं पूर्ण सोडवलं आणि पुन्हा घालून ठेवला. बंडूजी मशीन आर्वीला पोचवून आले. दोन दिवसांनी फोन. “तुमची मशीन गळून राह्यली!”

पुन्हा पोतं, पुन्हा एसटी, पुन्हा अंघोळ. या खेपेला आतली तेलाची नळी बदलली. जुनी होतीच, चिरलीही असेल. देवळीत पेपर कोरडा. आर्वीत धार. तिसऱ्या खेपेला नागपूरहून पंपाचं सील आणून घातलं. देवळीत कोरडा, आर्वीत धार.

आता मात्र अण्णाजींना मोठा विनोद सुचला, आणि सुचलेला विनोद पोटात ठेवणं त्यांना कधी जमलंच नाही. चार माणसांत ते म्हणाले, “मले समजलं! थे मशीन लेकीसारखी हाय. माहेरी हासते अन् सासरी रडते!”

चार माणसं हसली. भागीरथाबाई आतून बाहेर आल्या.

“काय म्हणता? म्हणजे आमच्या घरी जाच होऊन राह्यला का कोणाले?”

“अवं, मशीनचं बोलून राह्यलो मी.”

“मशीनचं बोला नाईतं कशाचं बोला, लोकाईले काय ऐकू जाते थे पाहा!”

त्या दिवसापासून मशीनचं प्रकरण मशीनचं राहिलं नाही. ओसरीत तेल दिसलं की भागीरथाबाई काही बोलायच्या नाहीत, फक्त फडकं रक्षासमोर आपटायच्या. रक्षानं हे एकदा फोनवर हळूच सांगितलं. “बाबा, इथली आई काही म्हणत नाई. पण फडकं लय बोलते.” आणि त्याच आठवड्यात अण्णाजींचा निरोप आला, की पावसाच्या आधी एक अख्खी बाग काढायची आहे, ही शेवटची खेप, नाहीतर मशीन वर्ध्याच्या मिस्त्रीला दाखवतो.

बंडूजींनी पुढ्यातलं ताट अर्ध्यावर सरकवलं. वर्ध्याचा मिस्त्री मशीन उघडणार आणि पहिलाच प्रश्न विचारणार, “आधी कोणी पाह्यली?” गळतीवाल्या बंडूजीला स्वतःच्या इवायाची गळती बंद करता आली नाही, हे देवळीच्या बाजारात यायला एक एसटी पुरली असती. पण त्याचंही एवढं नाही. लेकीच्या घरी त्यांचा शब्द ठिबकत होता आणि तो लेक पुसत होती.

“या खेपेले मशीन इकडं आणतच नाई,” ते प्रमिलाबाईंना म्हणाले. “तिथंच राह्यतो. सासरी तिले काय होते थे डोळ्यानं पाह्यतो.”

आता यात एक अडचण होती. रक्षाला अजून लेकरू नव्हतं, आणि लेकीला लेकरू होईस्तोवर तिच्या घरी अन्न घ्यायचं नाही, ही प्रमिलाबाईंच्या माहेरची रीत त्यांनी सासरीही कडक लावली होती. म्हणूनच बंडूजी आजवर आर्वीला गेले की मशीन टेकवून जेवणाच्या वेळेआधी उठायचे. चहाही नाही. पाण्याचा प्रश्न निघाला तेव्हा प्रमिलाबाईंनी विचार करून निकाल दिला होता, की फाटकाबाहेरचा हँडपंप सरकारी आहे, त्याचं चालेल.

त्यांनी दशम्या भाजल्या, जवसाची चटणी बांधली आणि डबा हातात देताना बजावलं, “इहीनबाई आग्रह करन. फसू नका.”

मे महिन्यातली दुपार. आर्वीला पोचल्यावर बंडूजी हँडपंपावर पोटभर पाणी प्याले आणि ओसरीत बसले. भागीरथाबाईंनी चहा पुढे केला. बंडूजींनी हात जोडले. भागीरथाबाईंनी कप उचलला आणि म्हणाल्या, “बरं. मशीनले तरी चालते का आमच्या घरचं तेल?”

बंडूजींनी अंगणात मशीनला अंघोळ घातली, टाकी भरली, देवळीहून आणलेला पेपर पसरून तिला ओसरीच्या कडेला बसवलं आणि समोर बाज टाकून राहिले. जाणारे-येणारे विचारायचे, “काय, पाहुणे, पेशंट कसा हाय?” जावई निकेशराव कामावरून आले, त्यांनी एकदा सासऱ्यांकडे आणि एकदा मशीनकडे पाहिलं आणि कुणालाच न उठवता आत गेले. सकाळी बंडूजींनी पेपर पाहिला. कोरडा.

“आता काय सांगाव?” अण्णाजी म्हणाले. “माहेरचा माणूस पाह्यला अन् शहाण्यासारखी वागून राह्यली!”

बंडूजींनी कोरड्या पेपरची घडी केली. त्यांना आता मशीनचा राग यायला लागला होता.

इतक्यात रक्षा अंघोळ करून, हातात पूजेची ताटली घेऊन आली. देवाचं झालं होतं. तुळशीला कुंकू लावलं, उंबऱ्याला लावलं आणि मग ती सरळ मशीनपाशी येऊन वाकली. समईतल्या तेलात कालवलेलं कुंकू तिनं अनामिकेवर घेतलं.

बंडूजी बाजेवरून पुढे वाकले. “अवं... तू अजून लावते?”

“रोज लावतो ना, बाबा,” रक्षा म्हणाली. तिकडे बायकाही स्वतःबद्दल ‘लावतो, करतो’ असंच बोलतात. “नवीन आलतो तवा करमायचंच नाई इथं. मंग हे मशीन आली. हिच्या अंगाले आपल्या दुकानाचा वास येते. पाहुणीले आधी कुंकू, तुम्हीच तं सांगतलं.”

आणि तिनं कुंकू लावलं. नुसतं टेकवलं नाही, लहानपणच्या सवयीनं बोट दाबून, जरासं फिरवून लावलं. तेलाच्या बुचाशेजारी मशीनच्या अंगावर एक लहानसं गोल, खोलगट ठिकाण होतं. कपाळावर असावं तसं मधोमध. कुंकू तिथं अगदी साचात बसावं तसं बसलं.

बंडूजींमधला बाप डोळे पुसत होता. त्यांच्यातला मिस्त्री मात्र एकदम उठून बसला.

त्या गोल ठिकाणी एक भोक होतं. टाकीचं श्वासाचं भोक.

ते रक्षाला काही बोलले नाहीत. कुंकू पुसलंही नाही. खात्री झाल्याशिवाय बोलायचं नाही, हाही त्यांचा नियमच. त्यांनी मशीन उचलून अंगणातल्या उन्हात ठेवली, पेपर पुन्हा खाली घातला आणि स्वतः सावलीला बसून एकटक बघू लागले. भागीरथाबाई दोनदा येऊन बघून गेल्या आणि आत जाऊन रक्षाला म्हणाल्या, “तुह्या बाबाले काल ऊन लागलं असन. कांदा देऊ का नाकाशी धरायले? थे तं चालते ना, का कांदा बी आमचाच?”

ऊन चढलं. पात्याच्या मुळाशी काळं चमकलं, फुगलं आणि टप्पकन पेपरवर पडलं.

“गळली!” बंडूजी ओरडले. “अवो गळली! इवाईबुवा, या, पाहा, गळली!”

घरातले सगळे धावत आले. तीन खेपा ज्या गोष्टीनं तोंड दाखवायला जागा ठेवली नव्हती, तिच्यासाठी हा माणूस टाळ्या वाजवत होता. अण्णाजी हळूच म्हणाले, “रक्षा, बाबाले आत घे.”

“इहीनबाई,” बंडूजी म्हणाले, “एक पिन द्या.”

भागीरथाबाईंच्या बांगड्यांना सेफ्टी पिनांचा घोस नेहमी लटकलेला असायचा. त्यांनी एक काढून दिली. बंडूजींनी पिनचं टोक त्या गोल ठिकाणी घातलं, फिरवलं आणि ओढलं. आतून फुस्स करून हवा सुटली. एवढी मोठी, की जणू म्हातारीनं इतक्या दिवसांचा उसासा सोडला. आणि पात्याखालची धार, बघता बघता, थांबली.

“काय निघालं?” अण्णाजींनी विचारलं.

बंडूजींच्या हातातली पिन टोकाला लाल झाली होती. आणि तेव्हा कुठे त्यांना कळलं, की आपण केवढ्या खड्ड्याशी उभे आहोत. तीन खेपा, फरशीचा डाग, आपटलेलं फडकं, चार माणसांतलं हसू, हे सगळं आता लेकीच्या बोटावर येणार होतं. सासरच्या अंगणात, सगळ्यांसमोर.

“माती,” बंडूजी म्हणाले. “माती बसली होती भोकात.”

भागीरथाबाईंनी पिन त्यांच्या हातातून घेतली. चष्मा वर केला.

“लाल माती?” त्या म्हणाल्या. “आर्वीत? इथं तं सारी काळीच माती हाय, इवाईबुवा.”

रक्षाचा चेहरा पिनच्या टोकासारखा लाल झाला. “आई, थे मी...”

“थांब वं,” भागीरथाबाई म्हणाल्या, “मले आधी समजू दे. ह्या भोकाचं काम काय?”

बंडूजींनी खालच्या आवाजात सांगितलं. तेल बाहेर जायचं तर हवा आत यावी लागते, म्हणून हे भोक. ते बंद झालं की काम करताना तेल अडकतं. आणि कामानं नाहीतर उन्हानं मशीन तापली की आतली हवा फुगते, तिला वाट सापडत नाही, मग ती तेलालाच खालून ढकलते. देवळीत नेल्यावर आधी अंघोळ घातली जायची, भोक मोकळं व्हायचं, म्हणून तिथं गळत नसे. लाल रंगही काळ्या तेलात विरघळून घासलेटबरोबर जायचा.

“म्हणजे तेलाच्या पिप्यासारखं,” भागीरथाबाई म्हणाल्या. “एकच भोक पाडलं तं तेल येत नाई. वरून दुसरं पाडावं लागते.”

“तस्संच!”

“मंग एवढं तं मले कोणी बी सांगतलं असतं.” त्यांनी पिन पदराला पुसली, पुन्हा बांगडीत अडकवली आणि अण्णाजींकडे वळल्या. “अन् एकट्या रक्षाकडं पाहू नका. हे रोज लावते, तं मी अमावस्येले लावतो, अन् दसऱ्याले हळद बी लावतो. तिथंच. गोल दिसलं, मले वाटलं कंपनीनं टिळ्यासाठीच जागा ठेवली हाय.”

अण्णाजी कमरेवर हात ठेवून उभे राहिले. “म्हणजे सासू-सुना मिळून तुम्ही मशीनचा गळा दाबला!”

“नाक,” बंडूजींच्या तोंडून निघून गेलं. “नाक दाबलं.”

आधी भागीरथाबाई हसल्या. मग रक्षा हसली, डोळे पुसत पुसत. एकटे अण्णाजी हसले नाहीत, कारण या वेळचा विनोद दुसऱ्याचा होता.

पण प्रश्न उरलाच. “बिनकुंकवाची मशीन मी घरात ठेवणार नाई,” भागीरथाबाईंनी ठणकावलं. “टिळा लावाव कुठी, थे सांगा.”

बंडूजींनी मशीन फिरवून फिरवून पाहिली. आयुष्यात त्यांनी शेकडो मशिनींचं पोट पाहिलं होतं, कपाळ शोधायची वेळ पहिल्यांदाच आली होती. त्यांनी पुढच्या दांड्याला हात लावला.

“थे मान झाली,” भागीरथाबाई म्हणाल्या.

“मंग इथं, पात्याजवळ?”

“थे तोंड. तोंडाले टिळा लावते का कोणी?”

“इथं लावा,” अण्णाजींनी सायलेन्सर दाखवला. “चांगलं सपाट हाय.”

बंडूजी कळवळले. “अवो इवाईबुवा, तिकून धूर निघते! थे तिचं... थे मांगचं आंग हाय. तिथं टिळा लावता?”

भागीरथाबाईंनी पदर तोंडाला लावला. शेवटी इंजिनावरच्या रुंद झाकणावर सगळ्यांचं एकमत झालं. तिथं भोक नाही, फट नाही, काही नाही. रक्षानं बोट दाबून, फिरवून, मनसोक्त टिळा लावला. मशीन परत उन्हात गेली आणि दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत तिथंच राहिली. पेपरवर एक डाग पडला, तो अण्णाजींच्या पानाच्या पिचकारीचा. बंडूजींनी तो दुरूनच ओळखला.

निघायच्या वेळी त्यांनी डबा उघडला. उन्हानं दशम्यांची पार वाट लागली होती. एखादी कापून बुचाखाली घातली असती तर वायसरचं काम झालं असतं. आतून आंब्याच्या रसाचा वास येत होता, आणि कुरडया तळल्याचा आवाज.

भागीरथाबाई ओसरीत आल्या. त्यांनी बाजेजवळ पाट मांडला, पाण्याचा गडवा ठेवला.

“इहीनबाई, आमची रीत...”

“तुमची रीत इवायाची,” भागीरथाबाई म्हणाल्या. “इवायाचं पान आतमधी राह्यते. हे बाहेरचं पान हाय. घरी काम केलेल्या मिस्त्रीले उपाशी लावून देत नाई आम्ही. इवाईबुवाले म्या कुठी जेवा म्हटलं? मिस्त्री, बसा.”

बंडूजींनी पाटाकडे पाहिलं, दशम्यांकडे पाहिलं, दारामागे उभ्या असलेल्या रक्षाकडे पाहिलं. आणि हाताचं काळं तेल तसंच ठेवून, मिस्त्रीसारखे, मांडी घालून बसले. रक्षानं रस वाढला. फडकं खुंटीवर गुपचूप लटकत होतं.

संध्याकाळी देवळीला प्रमिलाबाईंनी दार उघडलं, पिशवी घेतली आणि डबा हलवून पाहिला. दशम्या आत वाजल्या.

“जेवले तिथं?”

“छे. इवाई उपाशीच आला.”

प्रमिलाबाईंनी त्यांना दिव्याखाली ओढलं आणि सदऱ्यावरचा पिवळा डाग निरखला. इतक्या वर्षांच्या संसारात त्यांनाही ते शास्त्र येत होतं.

“गोल हाय,” त्या म्हणाल्या. “म्हणजे वाटी तोंडाले लावून प्याले. दुसऱ्यांदा मागून.”

बंडूजींनी मान खाली घातली. “मिस्त्री जेवला,” ते पुटपुटले, आणि मग पहिल्यापासून शेवटपर्यंत सगळं सांगितलं. कुंकू, पिन, लाल माती, मशीनचं कपाळ, बाहेरचं पान. प्रमिलाबाई ऐकत राहिल्या. कुंकवाशी त्यांचा पदर डोळ्यांकडे गेला, सायलेन्सरशी तोंडाकडे. सगळं संपल्यावर त्यांनी डब्यातल्या दशम्या एकेक करून ताटलीत काढल्या. बंडूजींना वाटलं, रीत मोडल्याचा राग आला.

“बरं, हे सांगा,” शेवटी त्या म्हणाल्या. “इहीनबाईनं मिस्त्रीच्या बायकोले कवा बोलावलं हाय?”